दुधाळ नळी

"पाहा, पाहा! हेच ते विष!"

महाराजांनी काचेची नळी दिव्यासमोर धरली आणि भरगच्च सभागृहातून "अरे बापरे!" असा एकच सूर उठला. खाली रक्ताची लाल गाठ, आणि वर पिवळसर पाणी असायला हवं तिथं चक्क दूध!

"ही चरबी! हिच्यातूनच साखरेचा रोग जन्मतो. रात्री माझा काढा, पहाटे डोक्यावर माझा हात, की रक्त आरशासारखं लख्ख!"

चौथ्या रांगेत डॉक्टरीण दातओठ खात बसली होती. शेजारी तिचा थोरला भाऊ, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, हात जोडून. वडिलांचा पाय साखरेनंच गेलेला. मागे दादाचीही साखर काठावर आली, तेव्हा तिनं घसा फोडून सांगितलं होतं, रोज चाल, वजन उतरव, पुन्हा तपास. दादानं गाठले महाराज. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काय उगाच? इथं त्याची नळी लख्ख निघाली आणि चालणं बंद, तपासणीही बंद.

"अरे, पण साखर मोजली का कुणी?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"चिमे, मुळावरच घाव घातल्यावर फांद्या कशाला मोजायच्या?" हे वाक्यही महाराजांचंच.

दारातच प्रत्येकाच्या हाती मोठा पेला दिला होता. गरम दूध, बोटभर साय आणि वर लोण्याचा गोळा. मग तीन तास प्रवचन. मग रक्त काढायला सुई. त्यानंतर पहाटेपर्यंत काढ्याशिवाय पोटात काही घालायचं नाही, आणि पहाटे पुन्हा सुई. आता यात न कळण्यासारखं काय आहे? पण चांगली शिकलीसवरलेली माणसं माना डोलवत होती आणि तिच्या डोक्याची शीर तडतडत होती.

तिनंही पेला रिचवला होता. सुई झाली. दोघांच्याही नळ्या पांढऱ्या.

दादाचा चेहरा उतरला. "महाराज, मी तर मागेच शुद्ध झालो होतो!"

"घरी जाऊन संशय घेतलास, बाळा. संशयानं चरबी वाढते."

डॉक्टरणीनं दादाला बाहेर ओढलं. "एक रात्र माझं ऐक. काढा नको, हात नको. नुसतं पाणी पी आणि झोप."

"आणि नळी पांढरीच राहिली तर?"

"तर उद्यापासून मीही काढाच विकते!"

पहाटे दोघं उपाशीपोटी परत आली. सुई टोचली, नळ्या यंत्रात गरगर फिरल्या, आणि दोन्ही लख्ख! डॉक्टरीण बाकावरच चढली.

"ऐका! आम्ही काढ्याचा थेंब घेतला नाही. लोणी खाल्लं की काही तास चरबी रक्तात तरंगते. रात्रभर उपाशी राहिलं की ती ओसरते. पाजणारे हेच, उपाशी ठेवणारेही हेच! महाराज, तुम्हीही घ्या एक पेला. तीन तासांनी तुमची नळी बघू."

"माझं व्रत आहे."

"रोजच?"

कुणीतरी फिसकन हसलं. पण एक निवृत्त हेडक्लार्क तावातावानं उठले. "बाई, काल इथं बसलात ना? महाराजांच्या नुसत्या वाऱ्यानंच शुद्ध झालात!"

टाळ्या पडल्या. डॉक्टरणीनं कपाळावर हात मारला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! ती खाली उतरली आणि पर्समधलं साखर मोजायचं यंत्र काढून तिनं दादाच्या बोटाला सुई टोचली.

"रक्त लख्ख आहे ना तुझं? मग हा आकडा बघ."

आकडा काठ ओलांडून बराच पुढं गेला होता.

"लॅबमध्ये पक्कं करूच. पण दादा, साखर डोळ्यांना दिसत नाही रे! रक्तातली फॅटी अ‍ॅसिड्स, चरबीचेच बारीक घटक, महिनोन् महिने वाढलेली राहिली, की इन्शुलिनचा जोर चालेनासा होतो, धोका वाढतो. एवढं खरं आहे, आणि त्याच खऱ्यावर यानं दुकान थाटलंय. ते एका रात्रीत उतरत नाही. रोज चालावं लागतं, खाणं आवरावं लागतं, लागल्या तर गोळ्या घ्याव्या लागतात."

दादानं बोटावरचा रक्ताचा थेंब पुसला. "साखरेचं कागदावर आलं तर बस हातची जाईल, चिमे. त्या भीतीनंच इथं आलो."

"आणि गाडी चालवताना डोळ्यांपुढं अंधारी आली तर?" तिनं त्याचा दंड धरला. "मागं पोरं बसलेली असतात ना रे!"

दादा उठला. रांगेतून वाट काढत व्यासपीठावर गेला आणि महाराजांच्या हातातला माइक त्यानं काढून घेतला.

"मला ओळखता सगळे. तुमची पोरं मी शाळेत नेतो. काल माझं रक्त पांढरं होतं, आज लख्ख आहे. आणि माझी साखर वाढलेली आहे. ती इथं कुणी मोजलीच नाही, मीही मोजू दिली नाही. आजपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी गाडीवर बसणार नाही. तुम्ही नळ्या बघू नका. साखर मोजून घ्या."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. हेडक्लार्क मात्र हळूच उठले, डॉक्टरणीपाशी आले आणि त्यांनी बोट पुढं केलं.