आपट्याच्या पानांमागची नावं

मित्रांनो, कोपरगावातल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या माळ्यावर जुनं सामान पडलंय, त्यातलाच मी एक कीबोर्ड. १९९८ साली आलो तेव्हा दारात पेढे वाटले होते. आज मला उचलतात ते मागची शिडी काढायची असली म्हणजे.

सगळं अंगावर झेलल्यामुळे माणसं मला बोटांवरून कळतात. क्लास चालवणारे पंकज सर एंटर असा हाणायचे, जणू दाराची कडीच वाजवतायत. मुलं चुकली की शिव्या मला. माझ्या खात्यावर मार भरपूर जमा आहे, कौतुक फार थोडं.

ते थोडं आलं प्रज्ञाकडून. तिला दिसत नव्हतं. नगरच्या एका संस्थेनं तिच्यासाठी एक प्रोग्राम दिला होता. तो पडद्यावरचे शब्द इंग्रजीतून मोठ्यानं वाचायचा. चित्राला मात्र, मागे कुणी नाव लिहिलेलं नसलं, तर नुसतं ‘इमेज’ म्हणून मोकळा व्हायचा. माझ्या एफ आणि जे या अक्षरांवर दोन बारीक उंचवटे आहेत. इतरांना त्यांचा पत्ता नव्हता. प्रज्ञा आधी तिथं बोटं टेकायची, मग कामाला लागायची. आपल्याला कुणी ओळखलं, असं मला तेव्हाच वाटायचं.

पुढच्या वर्षी तिला नगरला टेलिफोन ऑपरेटरच्या कोर्सला जायचं होतं. अर्ज त्याच संस्थेच्या वेबसाईटवर भरायचा, आणि ती वेबसाईट पंकज सरांनीच बनवून दिलेली. प्रज्ञानं ती पाठ केली होती. शेवटचं बटण अर्ज पाठवायचं.

अर्जाचा शेवटचा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. सरांना हौस दांडगी. मला नवं प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, वर हळदकुंकू, झेंडू. तेवढ्यानं भागेना, म्हणून वेबसाईटलाही दसरा चढवला. बटणांवरचे शब्द गेले, आपट्याची पानं आली. शोभतं म्हणून त्यांच्या जागाही बदलल्या. येणारा जाणारा वाहवा करून गेला.

दुपारी प्रज्ञा आली, आई कलाबाईंबरोबर. बोटं कव्हरवरून घसरली, उंचवटे सापडेनात. तिनं कव्हर काढून बाजूला ठेवलं. अर्ज नीट भरला. मग टॅब दाबत गेली तर आवाज म्हणे, “इमेज. इमेज. इमेज.” शेवटी पाठांतरावर भरवसा ठेवून तिनं शेवटचं बटण दाबलं. तिथं आता पुसायचं पान होतं. भरलेलं सगळं गेलं.

“अगं, तिसरं पान दाबायचं,” सर म्हणाले. “मोठं हिरवं. समोर तर आहे.”

“सर, मला हिरवं ऐकू येत नाही.”

कलाबाई पडद्याजवळ वाकल्या. “पानं लई झ्याक हायती, सर. पर माझी पोर काय सोनं लुटाया आली न्हाई.”

“द्या इकडं, मी भरतो. पाच मिनिटांचं काम.”

“आज भराल,” प्रज्ञा म्हणाली. “तिथला रोजचा अभ्यास याच वेबसाईटवर येणार आहे. रोज नगरला याल?”

“एवढी मेहनतीनं सजवली, आता सगळं उतरवू म्हणतेस?”

“पानं राहू द्या की. फक्त प्रत्येकामागे नाव लिहा. आणि बटणं होती तिथं ठेवा.”

पानं ठेवूनही हे जमतं, हे सरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुटपुटत ते पानांमागे नावं लिहायला बसले. माझ्यावर त्यांची बोटं त्या दिवशी जरा हळू पडली. संध्याकाळी अर्ज बंद व्हायच्या आत प्रज्ञा पुन्हा बसली, सगळं पुन्हा भरलं. शेवटच्या पानावर आवाज म्हणाला, “सेंड.” तिनं एंटर दाबला. त्या हलक्या दाबाएवढ्या मायेनं मला कधी कुणी वागवलं नाही.

“चल, उद्या विहारात लवकर जायचंय,” कलाबाई म्हणाल्या, आणि दोघी गेल्या.

तिला प्रवेश मिळाला. नव्या सोयीची कल्पना आपलीच, असं सर गिऱ्हाइकांना सांगू लागले. सांगोत, नावं तर राहिली. प्रज्ञा मात्र नगरची झाली आणि मला पुन्हा कव्हर चढलं. पुढं नवा कीबोर्ड आला, मी माळ्यावर गेलो.

मित्रांनो, कव्हरवर कुंकवाचं बोट अजून आहे. आतले उंचवटे नव्यासारखे आहेत, कारण त्यानंतर त्यांना कुणी शोधलंच नाही. आमची पूजा जरूर करा, सजवा. पण वस्तू होती तिथं राहू द्या, तिचं नाव सांगा, आणि ज्याला बोटांनी पाहायचं आहे त्याच्यासाठी तेवढी जागा उघडी ठेवा.