टाच न वळलेले चार मोजे

कन्हेरीच्या प्रयागबाईला सगळं यायचं. भाकरी अशी थापायची की शेजारीण डोकावून बघायची, वांग्याची पाटी बाजारात सगळ्यांच्या आधी रिकामी करायची, आणि भांडायला उभी राहिली तर समोरचीला आवंढा गिळायची उसंत द्यायची नाही. एक मोज्याची टाच तेवढी तिला वळत नव्हती. आणि नेमका तिचा गुरुवार त्या टाचेला टांगला होता.

गुरुवार म्हणजे बारामतीचा बाजार. वांगी, मिरच्या, गवार गाडीत घालून ती आणि तिचा नवरा कुंडलिक सकाळीच पेठेत यायचे. दुपार कलली, पाट्या पालथ्या झाल्या, की कुंडलिक तंबाखू मळत गाडीपाशी बसायचा आणि प्रयागबाई पदर सावरून सटकायची ती थेट भगिनी मंडळात. मंडळ म्हणजे काय, तर पाटाच्या ओव्हरसियरसाहेबांच्या बंगल्याचा मागचा ओटा. साहेबांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी, दोन वर्षांमागं पेठेतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका जमवून हे खूळ काढलं होतं. खूळ हा कुंडलिकाचा शब्द. तिथं आधी विणकाम व्हायचं, मग बाई वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, मग चहा, आणि चहा पोटात गेला की फुगड्या. साहेब घरी नसले तर झिम्मासुद्धा.

खरं सांगायचं तर वर्तमानपत्रातलं प्रयागबाईला ओ की ठो कळत नव्हतं. पण तिथं तिला कुणी 'आगं ए' म्हणत नव्हतं, 'कुंडलिकाची' म्हणत नव्हतं. प्रयागबाई म्हणत. आठवड्यातून दोन घटका आपल्या नावानं हाक ऐकायची तिला चटक लागली होती, आणि त्यात लाजण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं.

कुंडलिक माणूस वाईट नव्हता, पण भारी घाईचा. बैल जुंपूनच बंगल्यापुढं यायचा आणि कासऱ्याला हिसके द्यायचा. घुंगुरमाळा वाजल्या की प्रयागबाई कपातला चहा तसाच टाकून पळायची. आषाढात तर त्यानं निर्वाणीचं सांगितलं. दोन वर्षं त्या ओट्यावर बूड टेकून आलीस, घरात काय आणलंस? घराला उपेगी पडंल अशी एक वस्तू पोळ्यापातूर करून दाव, न्हायतर गुरुवार बंद.

आता दैवाचा खेळ बघा. त्या साली बाईंनी मोजे काढले होते. तेही साध्यासुध्या मापाचे नव्हेत. साहेब अर्ध्या विजारीवर घालायचे तसे गुडघ्याएवढे, लोकरीचे, चार सुयांवर गोल विणायचे. मोजा जमला की बाईमाणसाला सगळं विणकाम जमलं, आणि तो जमेपर्यंत दुसरं काही हाती मिळणार नाही, असा बाईंचा दंडक. प्रयागबाईनं एकदा धीर करून विचारलं होतं, की आमच्यात मोजे घालून नांगर कोण धरतंय. बाई म्हणाल्या, घालायचं नंतर बघू, आधी शिका.

नळी तिला झकास जमायची. शेवटी टाके कमी करत टोक काढायचं, तेही जमायचं. पण मधे टाचेशी गाडं अडायचं. टाके मोजता मोजता घरच्या शेळीची आठवण यायची, नाहीतर शेजारची गौहर काहीतरी हसवायची, आणि मोजा काटकोनात वळायच्या ऐवजी उगीच थोडा वाकायचा. तिसऱ्या मोज्याला तर बाईंनी तो उचलून सगळ्यांना दाखवला.

"प्रयागबाई, हा मोजा आहे की बैलाचं शिंग?"

ओटा हसून लोळायला लागला. प्रयागबाईही हसली, पण कानाच्या पाळ्या तापल्या. बाईंनी टाके उसवून पुन्हा घालायला सांगितलं. एवढे टाके उसवायचे म्हणजे आपलंच लेकरू परत पोटात घालण्यासारखं. तिनं होय म्हटलं आणि घरी जाऊन मोजा उतरंडीच्या खालच्या मडक्यात, आधीच्या दोघांशेजारी दडवला. श्रावण लागता लागता तिथं चौथाही जाऊन बसला. दोन तांबडे, दोन हिरवे, चारही वाकडे.

गौहर म्हणजे पेठेतल्या हैदर मणेराची बायको. बांगड्या भरून भरून तिची बोटं अशी हलकी झाली होती की बोलता बोलता टाच वळवून मोकळी व्हायची. तिनं हळूच सुचवलं, की दे इकडं, मी वळवते, तुझ्या धन्याला काय कळतंय. प्रयागबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. पण दुसऱ्याच्या हातची टाच दाखवून गुरुवार राखायचा, म्हणजे पुढं प्रत्येक गुरुवारी चोरासारखं यायचं. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि गौहरवरच उगीच फणकारली.

पोळा पंधरवड्यावर आला तेव्हा घरात निराळंच संकट उभं राहिलं. पाण्यावर गेलेला त्यांचा पाखऱ्या बैल म्हस्कूच्या बैलाशी भिडला आणि उजवं शिंग निम्म्यातून मोडून घेऊन आला. हळद-तेल लावून जखम सुकली, पण शिंग काही परत येत नव्हतं. कन्हेरीत पोळ्याला वेशीतून पहिली जोडी जायची ती कुंडलिकाची. आज्यापासूनचा मान. पण जोडी धड पाहिजे, शिंगमोड्या बैलाला मान नाही. दुसरा नंबर म्हस्कूचा, आणि तो आत्तापासूनच मिशीला तूप लावून बसला होता.

कुंडलिक जेवेनासा झाला. एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस पडवीत गप बसून राहायचा, ते प्रयागबाईला बघवेना. गुरुवारचा राग तिच्या मनात होताच, पण नवरा असा मिटून बसला की रागालासुद्धा धरायला जागा राहत नाही.

पोळ्याच्या सकाळी त्यानं जोडी पाटावर धुऊन आणली, गोठ्यात बांधली आणि सांगून टाकलं, की आपण यंदा वेशीवर जायचं न्हाय. प्रयागबाई पुरणासाठी डाळ काढायला उतरंडीशी गेली. मडकं चुकलं. हातात डाळीऐवजी लोकर आली.

ती मोज्याकडं बघत राहिली. बाईंचे शब्द कानात वाजले. मग तिनं डाळ तशीच ठेवली आणि चारही मोजे ओटीत घेऊन गोठा गाठला.

धड शिंगांवर मोजे असे बसले, जणू मापं घेऊन विणले होते. गुडघ्याएवढी लांबी, वर निमुळतं टोक आणि मधे तोच तो वाक. मोडक्या शिंगासाठी तिनं निंबाची वाकडी काटकी घेतली, भोवती मऊ चिंध्या ठासल्या, मोजा वरून ओढला आणि बुडाशी करगोट्यानं आवळला. पाखऱ्यानं कान हलवले, बाकी तक्रार केली नाही. लोकर मऊ होती, त्याला बरं वाटलं असावं. तांबडं-हिरवं, तांबडं-हिरवं, वर बेगडाचे तुकडे, टोकाला गोंडे.

कुंडलिक दारात येऊन उभा होता. तो पुढं आला, त्यानं ते शिंग चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"हे कशानं केलंस?"

"गुरुवारनं," प्रयागबाई म्हणाली आणि डाळ शिजवायला गेली.

तिसऱ्या प्रहरी वाजंत्री लागली. असली सजलेली शिंगं कन्हेरीनं कधी पाहिली नव्हती. बायका माळवदावरून वाकून बघत होत्या. म्हस्कूची मिशी मात्र खाली आली. त्यानं वेशीपाशी आडवं होऊन मागणी केली, की लोकर काढा, आत काय हाय ते गावाला बघू द्या. कुंडलिकानं कासरा आखडून धरला. घोळक्यात उभ्या प्रयागबाईनं देवाचं नाव घेतलं, आणि शेजारणीचा हात इतका दाबला की तिच्या दोन बांगड्या पिचल्या.

म्हातारे संभाजी पाटील पुढं आले. त्यांनी पाखऱ्याच्या शिंगावरून हात फिरवला, काटकीपाशी थोडा थांबवला आणि म्हस्कूकडं वळले.

"नटलेल्या बैलाचा साज दिस मावळल्याबिगर उतरवत न्हाईत, म्हस्कू. आन् मोडलं कुणाच्या बैलानं, ते इचारू का मी?"

म्हस्कू बाजूला झाला. जोडी वेशीतून पहिली गेली.

रात्री कुंडलिकानं आपल्या हातानं मोजे उतरवले, गुलाल झटकला, घडी घातली आणि आपल्या ठेवणीतल्या फेट्याशेजारी पेटीत ठेवले. पण गुरुवारचं काही बोलला नाही. प्रयागबाईनंही विचारलं नाही. विचारून नाही ऐकण्यापेक्षा न विचारता जावं, असं ठरवून पुढच्या बाजारी ती दुपार कलताच मंडळात गेली.

मोजे कुठं आहेत, असं बाईंनी विचारलं, तेव्हा तिनं खरं ते सांगितलं. बाई इतक्या हसल्या की डोळे पुसायला त्यांना पदर घ्यावा लागला. मग म्हणाल्या, शिंग झालं ते झालं, आता मोजा करा. प्रयागबाई पाचवा मोजा घेऊन बसली, पण तिचं ध्यान सुयांवर नव्हतं. कान रस्त्याकडं होता. वर्तमानपत्र वाचून झालं. चहा आला. तिनं तो सवयीनं घाईघाईनं फुंकला, जीभ भाजून घेतली, तरी घुंगुरमाळा वाजल्या नाहीत.

रागानं एकटाच पुढं गेला की काय? ती उठून कोपऱ्यावर आली आणि वाकून पाहिलं.

गाडी लिंबाखाली उभी होती. जू खाली टेकलेलं होतं. बैल सोडलेले होते, त्यांच्यापुढं कडब्याच्या दोन पेंढ्या पडल्या होत्या आणि पाखऱ्या निवांत चघळत होता. गाडीखाली घोंगडं टाकून कुंडलिक तोंडावर फेटा घेऊन झोपला होता.

प्रयागबाईला एकदम भरून आलं. नाक ओढून ती परत ओट्यावर आली, बसली, राहिलेला चहा सावकाश संपवला आणि गौहरपुढं सुया धरल्या.

"दाव गं पुन्यांदा ती टाच. आज येळ हाय."