माझ्या अंगावरची मोठी अक्षरं

मित्रांनो, मध्ये बोलू नका, फक्त ऐका. हसायचं असेल तर नंतर हसा, मला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

मी एक जुनी गाडी आहे. आधी आईस्क्रीमची होते. मागचं दार उघडलं की घंटेची धून वाजायची आणि गल्लीभर पोरं धावत सुटायची. मग दवाखान्याने मला विकत घेतलं. आतला फ्रीज काढून दोन खुर्च्या ठेवल्या, पडदा लावला. आणि बाहेरून दोन्ही बाजूंना, लांबून वाचता येईल असं रंगवलं, 'मानसिक आजार तपासणी'. धून मात्र राहिली. तिची वायर कुणाला सापडेचना.

तो दवाखाना शहरात आहे, याच कामाचा. रोज उघडा, धुरकट काचा, मागे वेगळं दार. कोण आलं, कोण गेलं, कुणाला पत्ता नाही. माझी नेमणूक पुलापलीकडच्या वस्तीत. तिथल्या लोकांची घरातली भाषा वेगळी, प्रार्थना वेगळी, शहरात ते मूठभर. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा मी, तीही भर चौकात, नळासमोर. त्यांची भाषा मला आईस्क्रीमच्या दिवसांपासून कळते. नळावरची एक आजी म्हणाली, "शहर आधीच आपल्याला नावं ठेवतं. आता वेडाचा शिक्काही मारून घ्यायचा का?"

तिचं काय चुकलं? शिक्का तर माझ्याच अंगावर होता.

तरी एक जण आली. ती शिवलेल्या कपड्यांना काज करायची, म्हणून सगळे तिला काजवाली म्हणत. तिचं बाळ तान्हं होतं. मागच्या खेपेला माझ्या आडोशाला उभी राहून ती बहिणीला सांगत होती, "बाळ रडलं की मी त्याला खाली ठेवते आणि कान झाकून घेते. झोप नाही. एक दिवस माझ्या हातून काहीतरी होईल गं."

"सगळ्यांचंच होतं तसं," बहीण म्हणाली, "सरेल चार दिवसांनी."

सरलं नव्हतं. या खेपेला ती भर दुपारी आली, नळावर कुणी नसताना. इकडेतिकडे बघितलं, पायरीवर पाय ठेवला, दार ओढलं. आणि मी वाजले.

अख्खी धून, मित्रांनो. घराघरांतून पोरं बाहेर, त्यांच्या मागे आया. "अगं, तू इथे काय करतेस?" शेजारणीने विचारलं.

काजवाली पायरीवरून उतरली. मग ड्रायव्हरकाकांना म्हणाली, "काका, आईस्क्रीम आहे का?"

काका भला माणूस. त्यांना कळलं. "संपलं हो ताई, उशीर केलात."

सगळे हसले. तीही हसली आणि निघून गेली. डॉक्टरताई आतून 'या ना' म्हणत दारापर्यंत आल्या, तोवर पायरी रिकामी. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

ताईंनी दवाखान्याच्या साहेबांना फोन लावला, "आजही कोणी आत आलं नाही."

"मग बंदच करू ती गाडी," साहेब म्हणाले. "त्या लोकांना गरजच वाटत नाही."

ताईंनी फोन ठेवला. मग पुढे येऊन काकांशेजारी बसल्या, "चला." काकांनी किल्ली फिरवली. आणि मला कोपऱ्यावर काजवाली दिसली. बाळ खांद्यावर, नजर माझ्याकडे. आजवर मी एका किल्लीत सुरू होणारी. आज घुर्र केलं आणि बसले. काकांनी पुन्हा फिरवली. मी ढिम्म.

"आता चालतच जा ताई," काका कपाळ पुसत म्हणाले, "बस पुलाजवळ मिळेल."

ताई चालत निघाल्या. कोपऱ्यावरून काजवाली त्यांच्या बाजूने चालायला लागली. आधी चार हात लांब, मग जवळ. पुलाच्या तोंडाशी दोघी कठड्याला टेकल्या. ताईंनी बाळ घेतलं. काजवाली हातवारे करत बोलत होती, बोलतच होती. माणसं जात-येत होती, कुणी वळूनही बघितलं नाही. बस आली, गेली. ताई चढल्या नाहीत.

लाज कसली वाटते सांगू? तिला मदत पोचवायला मला आणलं, आणि ती पोचली मी बंद पडल्यावर.

सकाळी मेकॅनिक येईल. त्याला माझ्यात काही बिघाड सापडणार नाही. कुणीतरी ही अक्षरं खरवडावी, ती वायर काढावी, मला आडबाजूला उभं करावं, रोज, एवढंच मला हवंय. पण हे मेकॅनिकच्या पान्याचं काम नाही. सुरू झाले तर मला शहरात नेतील, कायमची, आणि मग ताईही इकडे फिरकायच्या नाहीत. नाही झाले तर भंगारात.

मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही असतात, तर सकाळी किल्ली फिरल्यावर काय केलं असतं?