हॉलमधल्या दोन गाद्या

चारुदत्तला ‘नाही’ म्हणता येत नसे. त्यामुळे अजमानमधल्या त्याच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांचा राबता असे. कुणी नोकरी शोधायला येई, कुणी नुसतंच दुबई बघायला. पाहुण्याला मुलीचा, इराचा पलंग द्यायचा आणि इराने त्याच खोलीत खाली गादी टाकून झोपायचं, हा घरचा रिवाज होता. हॉटेलात उतरवलं तर नातेवाईक वर्षभर टोमणे मारतात.

सुयश हा त्याचा मावसभाऊ. बरीच वर्षं परदेशात, पासपोर्टही तिकडचाच. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या लहान मुलीवरून त्याच्यावर खटला झाला, शिक्षाही झाली. आता पोलिसांच्या परवानगीशिवाय त्याला तो देश सोडता येत नव्हता. नातेवाइकांत मात्र या सगळ्याला ‘तो गैरसमज’ म्हणत. एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा शब्दात बसवणं आपल्या लोकांनाच जमतं.

“चारू, एक फॉर्मॅलिटी आहे,” सुयशचा फोन आला. “इथल्या पोलीस ऑफिसमधून एक बाई तुला कॉल करेल. मी हॉटेलात राहणार म्हणून सांग. मुलांशी संबंध येणार नाही म्हण. खलास!”

पाठोपाठ पुण्याहून मावशीचा, म्हणजे सुयशच्या आईचा. “काठी मारल्यानं पाणी दुभंगतं का रे? आई म्हणून मी पण येते तिथे. त्याला डोळे भरून बघू दे.”

चारुदत्त हो म्हणाला.

त्याच्या बायकोला, सुनेत्राला ते पटलं नाही. “हॉटेल सांगणारच आहेस, तर खरंच हॉटेलात ठेव ना. आपल्या घरात मुलं आहेत.”

“मावशीला काय वाटेल? आणि मागे येऊन राहिला होता की दादा. काय झालं?”

सुनेत्रा पाहुण्याच्या चादरी काढायला गेली. तेव्हा खरंच काही झालेलं तिला ठाऊक नव्हतं.

सुयशकाका येणार हे कळल्यावर इराने कपाटावरची गादी ओढत हॉलमध्ये आणून टाकली. मग पाच वर्षांच्या धाकट्या भावाची, तन्मयचीही आणली.

“तन्मयला कशाला? तो झोपेल की काकाजवळ,” चारुदत्त म्हणाला.

“No. Both of us here,” इरा म्हणाली आणि उशी आणायला गेली.

चारुदत्तला अगदी भरून आलं. त्याने मावशीला मेसेज टाकला, ‘पोरीनं अख्खी खोली दिली दादाला. संस्कार!’ मावशीचे हात जोडलेले दोन इमोजी आले.

त्या बाईचा फोन आला तेव्हा तो ऑफिसातून घरी येताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. बाई इंग्रजीत, शांतपणे बोलत होत्या. चारुदत्तने हॉटेलचं नाव पाठ केलं होतं, पण त्यांनी सुरुवात भलतीकडूनच केली.

“हे गृहस्थ आधी तुमच्याकडे राहिलेत का?”

“हो, तीन वर्षांपूर्वी.”

“कुठे झोपायचे?”

“मुलीच्या खोलीत.”

“आणि मुलगी?”

“पहिल्या रात्री तिथेच, खाली. मग ती आपणहून हॉलमध्ये झोपायला लागली. फार समजूतदार आहे हो. दुसरीत होती, पण पाहुण्याला अख्खी खोली...”

 सुयशच्या आधी किती पाहुणे आले होते! नंतरही आले. त्या सगळ्यांच्या वेळी इरा खोलीतच झोपली होती, गप्पा मारत, खिदळत. हॉलमध्ये ती फक्त एका पाहुण्यासाठी गेली. आणि आपण चारचौघांत तिची पाठ थोपटली.  मागची गाडी हॉर्न वाजवत राहिली.

“सर? या वेळी ते कुठे राहणार आहेत?”

“माझ्या घरी,” चारुदत्त म्हणाला. “हॉटेल-बिटेल काही नाही. घरात दोन मुलं आहेत. त्याला पाठवू नका. आणि मला तुमच्याशी पुन्हा बोलायचंय, आधी मुलीशी बोलून.”

परवानगी नाकारल्याचं सुयशला कळायला वेळ लागणार होता, आणि मग मावशी काय काय बोलणार हेही ठरलेलंच होतं. त्या संध्याकाळी चारुदत्तला त्याचं काहीच वाटलं नाही.

घरी आल्यावर त्याने आत जाऊन सुनेत्राला सगळं सांगितलं.  मग दोघं हॉलमध्ये आले. इरा गादीवर होमवर्क करत होती. चारुदत्त बूट न काढताच तिच्याशेजारी टेकला.

“सुयशकाका येणार नाही. या घरात कधीच नाही.”

इराने पेन्सिल खाली ठेवली. 

“Who told you?” तिने विचारलं.

“तूच सांगत होतीस, बाळा. मला वाटलं, तू पाहुणचार करतेयस.”