सकाळची इंजिनं

धाकटीला लहानपणापासून एकच खोड. 'का?' विचारल्याशिवाय तिच्या गळ्याखाली घास उतरायचा नाही. आत टिकटिक कोण करतं ते बघायला तिने एकदा दादाचं गजराचं घड्याळ खोललं, आणि मग ते काही जोडता आलं नाही. पुढे ती हृदयाची डॉक्टर झाली. "आता माणसं खोलते," असं दादा सगळ्यांना सांगत सुटायचा.

हा दादा म्हणजे बस डेपोतला मिस्त्री. हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेला. पुन्हा आला तर काही खरं नाही, हे धाकटीनेच त्याला तोंडावर सांगितलेलं. पठ्ठ्या गोळ्या वेळेवर घ्यायचा, सिगारेटला कधी शिवला नव्हता, तेलकट सोडलेलं. तरी छातीत दुखायचंच.

"कधी दुखतं?" तिने विचारलं.

"सकाळी, कामावर गेलो की."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

दादा विचारात पडला. "सुट्टीला नाही बुवा दुखत. गंमतच आहे!"

गंमत कसली? धाकटीचे कान टवकारले. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती दादाच्या मागोमाग डेपोत हजर.

शेडला तिन्ही बाजूंनी भिंती, वर पत्रा. बघता बघता सगळ्या बसगाड्यांची इंजिनं सुरू झाली, आणि सुरूच राहिली. गाडी एक जागची हलेना! धूर पत्र्याला थडकून पुन्हा खाली, माणसांच्या नाकातोंडात. तिने दादाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, पण त्या गदारोळात काही म्हणजे काही ऐकू येईना.

"अरे, उभ्या गाड्या कशाला चालू ठेवता?" ती ओरडली.

"तापवायला!" दादाही ओरडला. "जुन्या गाड्या तापल्याशिवाय निघायच्या नाहीत."

"आणि या नव्या?"

"या काय, किल्ली फिरवली की निघाल्या."

"मग का?"

"नियम आहे बाई! वरून आलाय."

जुन्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या, नियम तेवढा ठणठणीत होता. धाकटीला आधी हसू आलं आणि मग असा राग आला म्हणता! असल्या धुराचे बारीक कण फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि हृदयाच्या नळ्या खराब करतात, हे तिला पाठ होतं. डेपोमागच्या गल्लीतून छाती धरून येणारे पेशंटही तिला आठवले. त्यांना ती गोळ्या देत होती, आणि इथे रोज सकाळी सरकारी नियमाने धूर दिला जात होता.

डेपोच्या सुपरवायझरने हात वर केले. हुकूम परिवहन खात्याचा, तो खात्यानेच फिरवायला हवा. मग धाकटीने खात्याचा पिच्छाच पुरवला. या टेबलावरून त्या टेबलावर टोलवाटोलवी झाली, पण ती हटेना. घरी दादा वेगळाच फुगून बसला. "माझ्या डेपोची अब्रू काढतेस?"

"अब्रू धुऊन पिणारेस का? आधी जीव सांभाळ."

अखेर खात्याचे मोठे साहेब पाहणीला यायला तयार झाले. त्या सकाळी दादाला तिने फाटकाबाहेरच उभं केलं आणि आत पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद दिली. स्वतः साहेबांबरोबर शेडमध्ये गेली आणि बघतच राहिली. फरशी लख्ख धुतलेली. सगळी इंजिनं बंद.

"साहेब येणार म्हणून मुद्दाम बंद ठेवली," सुपरवायझर तिच्या कानाशी लागला. त्याला वाटत होतं, केवढा मान राखला!

साहेबांनी छाती भरून श्वास घेतला. "हवा तर छान आहे की, डॉक्टर. उगीच घाबरवलंत." आणि ते निघालेसुद्धा. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी धावपळ केली ती पाण्यात गेली होती.

तेवढ्यात मागे एक इंजिन धडधडलं. पहिल्या गाडीत चालकाच्या जागेवर दादा बसला होता.

"साहेब, रोजचं बघायला आलात ना? मग रोजचं बघून जा!"

चालकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने किल्ली फिरवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. धूर पत्र्याला थडकला आणि खाली आला. साहेबांचा रुमाल नाकाला गेला, डोळे चुरचुरायला लागले. सुपरवायझरची पाचावर धारण बसली.

"बंद करा! हा नियम रद्द!" साहेब खोकत म्हणाले.

"तोंडी नको, कागदावर द्या," दादा म्हणाला. त्याचा एक हात छातीवर होता. "तोवर मी इथंच."

"दादा, उतर! पाया पडते तुझ्या!" धाकटी किंचाळली. तिला त्याचे पांढरेफटक पडलेले ओठ दिसत होते. साहेबांनाही दिसले असावेत. त्यांनी कागद मागवला, गाडीच्या पत्र्यावर टेकवून हुकूम लिहिला आणि सही केली.

एकेक इंजिन गप्प झालं. धाकटीने दादाला धरून उघड्यावर आणलं, बाकावर बसवलं, जिभेखाली गोळी ठेवली आणि स्टेथोस्कोप लावला. या डेपोत पहिल्यांदाच तिला त्याच्या छातीतलं ऐकू येत होतं.

"चालतंय का गं?" दादाने विचारलं. "की मोडलंस तेही?"

"चालतंय," ती रडत म्हणाली. "गप्प बस. ऐकू दे मला."