सोलरची वरात

मी सोलरचा गाडा बोलतोय. सूर्याची शपथ घेऊन सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझा जन्म नागपुरात झाला. नाही, थांबा, इंदुरात. आता एवढ्यातेवढ्याला खोटं म्हणायचं असेल तर पुढं वाचूच नका.

चार चाकं, पाठीवर काचेच्या पाट्या, पोटात बॅटऱ्या, असा माझा देह. तारुण्यात मी बैहरकडे होतो. तिथं दुपारी माझ्या सावलीत बिबट्या झोपायचा, आणि कोणी पाट्या पुसायला आलं की अंग चोरून बाजूला सरकायचा. एकदा मी पिठाची चक्की अशी फिरवली की निम्मं पीठ उडून पार डोंगरापलीकडच्या किरनापुरात पडलं. तिथल्या बायांनी त्याच्या पोळ्या केल्या आणि पीठ जाडं आहे म्हणून मलाच नावं ठेवली.

मग मला तिरोडीच्या बाजूला आणलं, राज्याच्या सीमेवर. मध्ये एक नाला. अलीकडचं गाव मध्य प्रदेशात, पलीकडचं महाराष्ट्रात, आणि दोघांत मिळून मी एक. मला देणाऱ्या संस्थेचा गजेंद्र नावाचा माणूस बॅनर घेऊन आला, 'दो राज्य, एक सूरज'. दोन्ही गावांची समिती झाली, अध्यक्ष अलीकडचा मोतीलाल. मी कधी कुठं जायचं, ते सभेनं हात वर करून ठरवायचं.

पण गावाला सामायिक वस्तू एकच ठाऊक, लग्नाची भांडी. मोठाले गंज, पराती, झारे समाजाच्या खोलीत पडून असतात, लग्न निघालं की बाहेर येतात. तापानं फणफणलेल्याच्या घरी गंज कोण नेतं? लोकांनी मलाही लग्नाचंच एक भांडं धरलं आणि अलीकडच्या गावात त्याच खोलीशेजारी उभं केलं.

त्याच गल्लीत दादाजी राहायचे. जन्म मँगनीजच्या खाणीत गेला, आता ऑक्सिजनच्या मशीनवर जगत होते. उन्हाळ्यात रोज दुपारी लाईन जायची, तेव्हा त्यांची बायको रुख्माबाई माझी वायर घरात ओढून घ्यायची. बदल्यात सकाळी पदरानं माझ्या काचा पुसायची. दोन गावांत माझ्याकडे पुसायला येणारी तेवढीच.

मे महिन्यात मोतीलालच्या मुलीचं लग्न पलीकडच्या गावातल्या मुलाशी ठरलं. सभा बसली.

"यंदा वरात सोलरवर," मोतीलाल म्हणाला. "डीजे सोलरवर. नाल्यापलीकडून थेट आपल्या मांडवापर्यंत. पेपरात फोटो!"

"बहुत बढिया!" गजेंद्रनं टाळी वाजवली. "यही तो जनभागीदारी है."

रुख्माबाई उठली. "मोतीलाल बाबू, दुपारी लाईन जाते. गाडा तिकडं गेला तं ह्याईचं मशीन कशावर चालन? डीजे तुह्या जनरेटरवर लाव ना."

"काकू, जनरेटरचा धूर फोटोत येते."

"मंग जनरेटर मले दे दुपारपुरता."

"त्याच्यावर मांडवातले कुलर आहेत. पाहुण्यायले उबवू काय?"

"अरे, पण ह्याईले दम लागते..."

"मंग दादाजीले सांग ना, जरासा दम धरा म्हणा!"

सभा खदाखदा हसली. पाण्यावरून एकमेकांची डोकी फोडणारी ही दोन गावं एकाच गोष्टीवर हसताना मी पहिल्यांदाच पाहिली.

हात वर गेले. बांगड्यांचे, घड्याळांचे, दोन्ही राज्यांचे. एकटी रुख्माबाई पदराखाली मुठी आवळून बसली. गजेंद्रनं मोबाईलमधून मान न काढता म्हटलं, "सर्वसम्मति!"

"लाईन जायच्या आत गाडा तुह्या दारात," असं मोतीलालनं तिला कबूल केलं होतं. लग्नाच्या दिवशी लाईन गेली तेव्हा वरात नाल्याच्या चढावरच होती. माझ्या पाठीवर पाट्या झाकून डीजे, पुढं नाचणारी पोरं. गाणं संपलं की ओरडायची, "अजून एक!" मी खोटारडा असेन, पण माझी बॅटरी नाही. ती उतरत होती.

रुख्माबाई अनवाणी धावत आली. तोंड हलत होतं, शब्द माझ्याच भोंग्यांनी गिळले. बायांना वाटलं, काकू नाचायला आली. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले, रिंगणात ओढलं, गरगर फिरवलं. "काकू, कंबर हलव ना वं!" कोणी तिच्या तोंडाला गुलाल फासला. पेपरात फोटो आला तो नेमका तिचा. खाली लिहिलं होतं, 'महिलांचा उत्स्फूर्त सहभाग'.

मला तिच्या दारात नेलं तेव्हा पोटात फक्त लाल दिवा उरला होता. कोणीतरी पिन लावली. मशीन एकदा चिरकलं आणि बंद पडलं. दादाजींचं त्यानं काही बिघडलं नाही. ते आधीच गेले होते.

तेरवीला मात्र मोतीलालनं मला न मागता पाठवलं. सभा नाही, हात नाहीत. माझ्यावर कुलर चालले, पंगती गारव्यात उठल्या. "हौ, कार्य मस्त झालं," म्हणत लोक आंचवून घरी गेले.

आता माझ्या एका पाटीला तडा आहे आणि काचांवर बोटभर धूळ. बाहेरगावची माणसं मला बघायला येतात, गजेंद्र त्यांना दोन गावांची एकी समजावून सांगतो. तुमच्याकडे माझा एखादा भाऊ आला, तर हात वर करण्याआधी कोणाची वायर सुटतेय तेवढं बघा. म्हाताऱ्या गाड्याचं एवढं मागणं.

आणि जाता जाता कबूल करतो. बिबट्या खरा. पीठही उडालं होतंच. रचलेलं एवढंच की सभेत रुख्माबाईचा हात खाली राहिला. शेजारणीनं कोपर ढोसलं, माणसं वळून वळून बघायला लागली, तेव्हा तिचाही हात वर गेला. सांगताना मी तो खाली घेतला. कोणी विचारलं तर तुम्हीही सांगा, तिचा हात खालीच होता.