पारनेरला निघालेली गाडी

वायरमन कल्याणने गाडीच्या बोनेटखाली डोकं घालून टेस्ट लॅम्पचा चिमटा इंजिनाला लावला आणि सुई बॅटरीच्या टोकावर टेकवली. दिवा लख्ख पेटला. बॅटरी ठणठणीत होती. त्याने आबासाहेबांना चावी फिरवायला सांगितलं. डॅशबोर्डवरचे दिवे सगळे लागले, पण स्टार्टर काही बोलेना.

गाडी पेरूच्या बागेला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. तेरा वर्षांची, पण अशी धुऊनपुसून ठेवलेली की शोरूममधल्या गाडीने लाजावं. आबासाहेबांनी तीस वर्षं साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी चालवली आणि निवृत्त झाल्यावर ही स्वतःची घेतली. गावातल्या निम्म्या नवऱ्या मुली त्यांनी या गाडीतून सासरी पोहोचवल्या होत्या. उद्या त्यांना पारनेरला जायचं होतं. एकुलत्या एका लेकीला, रुपालीला, सातवा सरत आला होता आणि पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं होतं. जावई म्हणाला होता, मी आणून सोडतो. त्याला आबासाहेबांनी फोनवरच उडवून लावलं. माझी लेक माझ्या गाडीतून येईल, असं त्यांनी महिनाभर पारावर, डेअरीवर, भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. आणि आज नेमकी गाडी रुसली.

कल्याणने फ्यूज पाहिले, शाबूत होते. हॉर्नचा रिले काढून स्टार्टरच्या रिलेच्या जागी बसवून पाहिला, फरक नाही. शेवटी वायरचा तुकडा घेऊन स्टार्टरला थेट बॅटरीचा करंट दिला, तसं इंजिन गर्रकन फिरलं. म्हणजे बॅटरीही चांगली, स्टार्टरही चांगला. दुखणं मधे कुठेतरी, चावीपासून रिलेपर्यंतच्या वायरीत होतं.

हे त्याने आबासाहेबांना उत्साहाने सांगितलं. ते नुसतं “बरं” म्हणाले. कल्याणला नवल वाटलं. ड्रायव्हर माणूस आपल्या गाडीला दुसऱ्याचा हात लागला की दहा सूचना करतो, आणि आबासाहेब तर अकरावी करणारे. आज ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या पत्र्याकडे बघत बसले होते. उंदरांनी वायर कुरतडली असेल म्हणावं, तर उंदीर येऊ नयेत म्हणून आबासाहेबांनी बोनेटमध्ये टांगलेली तंबाखूची पुडी जागच्या जागी होती.

तो त्यांच्या पायाशी उताणा आडवा झाला आणि मोबाईलचा उजेड डॅशबोर्डखाली धरला. तिथे एक पिवळी वायर जास्तीची निघाली. तिच्यावर गुंडाळलेली टेप बघून त्याला हसूच आलं. अशी तिरकी टेप अख्ख्या राहाता तालुक्यात तो एकटाच गुंडाळायचा.

नऊ वर्षांपूर्वी आसपास गाड्या चोरीला जायला लागल्या, तेव्हा त्यानेच इथे चोर स्विच बसवला होता. लपवलेलं साधं बटण. ते बंद असलं की चावी कितीही फिरवा, गाडी ढिम्म. ते बसवताना घरातल्या सगळ्यांना बाहेर पाठवायचं, मालकाने बोटाने जागा दाखवायची, कारागिराने बसवून विसरून जायचं आणि मालकाने बायकोलाही सांगायचं नाही, अशी या धंद्याची रीत. कल्याण शेकडो गाड्यांचे स्विच असेच विसरला होता. आबासाहेब बटण चालू करायला विसरले असणार. वयच आहे, त्यात काय. वायरीचा माग धरत त्याने सीटखाली हात घातला, बटण लागलं. बंदच होतं.

ते दाबणार तोच आबासाहेबांनी वरून त्याचं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे.”

कल्याणने वर बघितलं.

“मीच बंद केलंय ते.” आवाज अगदी खाली होता. “परवा मार्केटला कांदे टाकायला गेल्तो. येताना बाभळेश्वरच्या चौकात आलो आन् घर कुठल्या हाताला, तेच कळंना. तीस वर्सं त्या चौकातनं गाडी काढली, कल्याण.”

“मग?”

“लई वेळ तसाच उभा हुतो. राहात्याची पाटी लावलेली यष्टी आली. तिच्या मागं मागं आलो.” त्यांनी मनगट सोडलं. “पोटुशी लेक हाय. तिला घिऊन मी कुठं जाईन, मलाच ठावं न्हाई. आन् हे कुनाला कसं सांगू? तुज्या काकूला म्हन, पार्ट गेलाय.”

कल्याणने हात मागे घेतला, पान्हे-पकडी पिशवीत भरल्या.

गोजरबाई, आबासाहेबांच्या पत्नी, स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. सकाळी कल्याणला फोन करून बोलावलं ते त्यांनीच. आबासाहेब नंतर बघू, नंतर बघू करत होते म्हणे.

“काकू, स्टार्टरचा पार्ट गेलाय,” कल्याण दारातूनच म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्याची नजर कपबशांवर होती. “नगरवरून मागवावा लागंल. चार दिवस तरी जातील.”

“जावयाला मी मघाच फोन केलाय,” गोजरबाई म्हणाल्या. “उद्या ते आनून सोडत्यात रुपालीला.”

“मघाच? मी यायच्या आदी?”

त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. परवा कांदे टाकून यायला यांना तीन तास जास्त लागले, एवढंच त्या म्हणाल्या. शर्ट घामाने चिंब होता आणि ताटावर बसून ते नुसता घास कालवत राहिले. विचारलं तर ट्रॅफिक होतं म्हणाले.

“चार दिवस म्हनू नको,” त्या म्हणाल्या. “चार दिसांनी लोक परत इचारतील. जुन्या गाडीचा पार्ट आता निघतच न्हाई, म्हन.”

त्यांनी दोन कप भरून त्याच्या हातात दिले.

“तुमी दोघं तिथंच घ्या च्या. आन् त्यांना सांग, काकूला खरं वाटलं म्हनून.”